वरचा आवाज थोडा वाढव

कानात मळच असेल हो ताई, दुसरं काही नाही. बघितलंत ना तुम्ही दिवा लावून? — साफ आहे? दोन्ही? — बरं. मग वय म्हणायचं. तसं ऐकू येतं मला. तुमचं येतंय की. तुम्ही जरा मोठ्यानं बोलताय, पण येतंय. घरी सांगून आलो नाही. खिळे आणायला जातो म्हणालो. या वयात खोटं बोलायची वेळ आली, तीसुद्धा खिळ्यांवरून.

मी सुतार. म्हणजे होतो — आता मुलाच्या कामापुरता. त्यानं नोकरी सोडली आणि स्पीकर बनवायला घेतले, फळीवर पुस्तकांशेजारी बसतील एवढे. आतलं सगळं त्याचं, खोकी माझी. खोकी चांगली झालीत, सांधा बोटाला लागत नाही. उद्या पहिलं गिऱ्हाईक ऐकायला येणार. तर परवा त्यानं दोन्ही जोडले, मला समोर खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, बाबा, आधी तुम्ही ऐका, तुम्ही सांगाल ते खरं. का, तर लहानपणापासून बघत आलाय — मी फळीवर टिचकी मारून सांगायचो, ही आतून फुटलीय, ही धड आहे. तेव्हापासून माझ्या कानावर भरवसा. आता कान म्हणजे काय हो — जन्मभर करवतीच्या मशीनशेजारी उभा राहिलेला माणूस मी.

गाणं लावलं, त्याच्या आईच्या आवडीचं. भांडी घासताना म्हणायची ती, निम्मे शब्द चुकवून. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. भरीव आवाज, गाणारी बाई समोरच उभी असल्यासारखा. पण बासरी कुठंय? मधे बासरी आहे, मला पक्कं आठवतं. म्हणून म्हणालो, वरचा आवाज थोडा वाढव, तो बारीक सुरांचा. त्यानं मागून पेचकसानं वाढवला. म्हटलं, अजून. त्यानं माझ्याकडे बघितलं — अजून? — मी आपला मान डोलावतोय, मोठा जाणकार. अजून वाढवला. आणि आली हो बासरी. बारीक, पण आली. मी डोळे मिटले. म्हटलं, झालं, आता याला हात लावू नकोस. डोळे उघडले तर नात दोन्ही कान दाबून भिंतीला चिकटलेली, तोंड रडवेलं. मग पळालीच आत.

मुलगा? — मला दोष दिला नाही. तेच तर. बाबा, बहिरे झालात, असं म्हणाला असता तर मीही हसून घेतलं असतं. तो म्हणाला, बरोबर आहे, आता जमलं. मी हात धुवून परत आलो तर दारातून दिसला — पाठमोरा, पेचकस घेऊन हळूच सगळं होतं तसं करत होता. चोरासारखा. स्वतःच्या कामाला हात लावायला त्याला चोर व्हावं लागलं, माझ्यामुळे. मला बघून म्हणाला, तुम्ही म्हणालात तसंच ठेवलंय. मी म्हणालो, शाबास. दुसरं काय म्हणणार? मान वर करवेना. परवापासून त्याच्याशी धड बोललो नाही. त्याला वाटतंय मला स्पीकर आवडले नाहीत.

उद्या गिऱ्हाईकासमोर तो पुन्हा विचारणार — बाबा, कसं वाटतंय? माझा मान राखायला विचारणार, ओळखतो मी त्याला. आणि मी तोंड उघडलं की त्याचं पहिलं गिऱ्हाईक हसणार. म्हणून आलो. ते कानात घालायचं असतं ना, ते बाहेरून दिसतं का? — केसांखाली झाकलं जातं? केस कुठे उरलेत.

हे डोक्यावर लावू? — असं? — बरं. आवाज आला की हे बटण दाबायचं. कळलं, सोपं आहे. मी तयार आहे...

तुमचं बोट मघापासून त्या मशीनच्या बटणावर हलतंय, ताई. मशीन गरम व्हायला वेळ लागतो का? लागू द्या. घाई नाही मला. सुरू केलंत की नुसती खूण करा.