भिडू गेला मिरजेला

न्हाय, पायाचं एकवेळ सोडा हो! पाय काय, मोडतो, जोडतो. सायकलची चेन पडली, मागनं मी पडलो. डाक्टरनं प्लास्टर घातलं आणि म्हणाला, "रुद्रप्पा, दीड म्हैना हलायचं न्हाय." न्हाय हलत! पण तुमाला सांगतो, माणसाचा पाय प्लास्टरमधी आणि माणसाचा भिडू मिरजेत… ही पाळी वैऱ्यावर येऊ नये! आणि भिडू नुसता मिरजेत न्हाय, तितं दुसऱ्याच्या समोर बसून मेंढीकोट खेळतोय! माझ्या जागेवर! आणि मी हितं सोलापूरच्या बाळीवेशीत, ओट्यावरच्या खाटेवर, पाय उशीवर ठिवून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतोय, "निकाल काय लागला?" लोकांना वाटायचं, पोराच्या मॅट्रिकचा!

आता मेंढीकोट म्हंजे काय हे सोलापुरात सांगायला लागू नये, पण मागं ते चष्मेवाले पाव्हणे बसलेत, त्यांचं तोंड बघून सांगतो. चौघं बसायचं. समोरासमोरचे दोघं भिडू. पत्त्यातल्या दश्शीला म्हणायचं मेंढी. अशा चार मेंढ्या. तीन ज्यांच्या घरी गेल्या, डाव त्यांचा. चारी गेल्या की कोट! झालं. माझी काशम्मा म्हणती, "एवढ्यासाठी माणसं जेवायचं इसरतात व्हय?" इसरतात की! ह्यात माझं काय चुकलं?

आणि भिडू कोण माझा? धुळाप्पा! सांगोल्याकडचा धनगर. खऱ्या मेंढ्या पण लई, बरं का, शेळ्या-मेंढ्यांनी वाडगं भरलेलं. दर मंगळवारी सोलापूरच्या बाजाराला घोंगड्या घेऊन येणार, घोंगड्या विकून झाल्या की माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या मधी, सतरंजी टाकून आमी बसणार. वर्षानुवर्षं! मी कानाची पाळी खाजवली की त्याला कळायचं, अण्णाकडं एक्का हाय. त्यानं मिशीला हात लावला की मला कळायचं, हुकूम त्याच्याकडं हाय. आता ह्याला कुणी लबाडी म्हणतंय तर म्हणू द्या, आमी समजूत म्हणतो. नवरा-बायकोत तरी एवढी असती का? माझ्यात आणि काशम्मात न्हाय. मी पाणी मागितलं की ती ताक आणती.

तर मिरजेत अखिल महाराष्ट्र मेंढीकोट स्पर्धा भरली. अखिल महाराष्ट्र म्हंजे सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि लग्नाला म्हणून आलेला एक नगरवाला, पण फलकावर अखिल महाराष्ट्र! आमची जोडी नाव देऊन बसलेली. आणि निघायच्या तोंडावर माझा पाय गेला. धुळाप्पा आला, प्लास्टरवर हात फिरवला, कोकराला फिरवतात तसा, आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्याबिगार मी न्हाय जात." मी काय म्हणालो? मोठ्या मनानं म्हणालो, "जा गड्या! सोलापूरचं नाव हाय!" तुमाला वाटलं तो हट्ट करंल? मला पण वाटलं! तो म्हणाला, "बरं." आणि गेला!

आणि माझ्या जागी कुणाला न्हेलं? कल्लप्पाला! कल्लप्पा इमा एजंट. इमा एजंट असून बोलत न्हाय! कधी बघितलाय असला एजंट? माणसाच्या घरी जातो, समोर बसतो, गप. एकटक बघतो. थोड्या येळानं माणसाला वाटायला लागतं, आपल्याला काहीतरी झालंय आणि ह्याला कळलंय. घाबरून सही करतो. तो माझ्या भिडूसमोर! आता कान कोण खाजवणार?

अजून एक भानगड. धुळाप्पानं मागल्या जत्रेत बायकूसमोर बिरदेवाची आण घेतली हुती, पत्त्याला हात लावणार न्हाय. तरी मंगळवारी येतच हुता. गोजावैनींनी, म्हंजे त्याच्या बायकूनं, इचारलं, "मिरजेला काय काढलंय?" तर हा म्हणाला, "मेंढ्यांचं काम हाय." घ्या! खोटं बोलला का? न्हाय बोलला! बिरदेवानं पण धरलं न्हाय त्याला!

मग सुरू झाला निकालाचा वनवास. पहिल्या दिवशीचा निकाल आणला गुंडानं. गुंडा म्हंजे आमच्या बोळातला एसटी कंडक्टर, मिरजेच्या गाडीवर असतो. आला, तिकिटाची पेटी ओट्यावर ठिवली आणि म्हणाला, "अण्णा, कोल्हापूरवाल्यांवर कोट!" मी "वा!" म्हणालो. मोठ्यांदा म्हणालो. मग मनाशी म्हणालो, कोट? माझ्याबिगार? आमी दोघांनी कोट घातला त्याला म्हैना झाला, आणि ह्या मुक्यासंगं पहिल्याच दिवशी?

दुसऱ्या दिवशी पेपर. पेपरात कुस्त्या, कापसाचा भाव, कुणाच्या तरी मुंजीचं आभार, आणि सगळ्यात खाली एवढुशी ओळ, 'मेंढीकोट : सोलापूरची आगेकूच.' नाव न्हाय, गाव न्हाय, किती मेंढ्यांनी ते न्हाय! आगेकूच म्हणं! मी पेपर उलटा करून बघितला, पाठीमागं केसांच्या तेलाची जाहिरात. काशम्मा म्हणाली, "साकु री, पुरं झालं आता! जिंकले ना तुमचे?" व्हय, जिंकले. आता खरं सांगू? तुमी आपली माणसं म्हणून सांगतो. सोलापूर जिंकावं असं वाटत हुतं आणि धुळाप्पा हरावा असंही वाटत हुतं. कारण तो कल्लप्पासंगं बक्षिसाची ढाल घेऊन आला, तर परत माझ्यासमोर कशाला बसंल? पत्त्यात माणूस बायको बदलंल… म्हंजे आपलं, भिडू बदलंल, तर लवकर परत येत न्हाय हो! मला झोप लागंना. कूस बदलावी तर प्लास्टर. ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

मग उजाडला मंगळवार. सकाळीच गोजावैनी दारात! धुळाप्पा न्हाय म्हणून घोंगड्या घेऊन त्या आल्या बाजाराला, आणि माझा पाय बघायला आल्या. बिचाऱ्यांनी लोणी आणलं हुतं. टेकल्या, काशम्मानं च्या दिला, आणि तेवढ्यात समोरच्या कापडदुकानातनं मल्लप्पा ओरडला. त्याच्याकडं फोन हाय. फोन आल्यापास्नं तो साधं बोलत न्हाय, सगळं ओरडूनच. म्हणतो कसा, "रुद्रप्पा! मिरजेचा ट्रंककॉल! कल्लप्पा हाय!" मी म्हणालो, "इचार, निकाल काय?" तो फोनात ओरडला, कान लावला, आणि रस्त्याच्या पल्याडनं दणका दिला,

"तीन मेंढ्या गेल्याऽऽ!"

गोजावैनींनी कपबशी खाली ठिवली. "कुणाच्या?"

"राणीनं घात केलाऽऽ!" मल्लप्पा ओरडला. मी म्हणालो, "अरं पण निकाल काय?" तो म्हणाला, "ठिवला!" ठिवला? अख्खं जग तीन मिनिटांचं पैसं भरून चार मिनिटं भांडतं, आणि हा गडी दोन वाक्यं बोलून फोन ठिवतो! जिंकले का हरले? डाव गेला का मॅच गेली? काय समजायचं माणसानं?

पण ते इचारायला मला सवड कुटं? इकडं वैनी उभ्या राहिल्या हुत्या.

"आण्णा, कुणाच्या मेंढ्या गेल्या?"

आता तुमी सांगा, काय बोलायचं? पत्ते म्हणालो तर दोस्ताची आण मोडली, त्याचं घर गेलं. खऱ्या मेंढ्या म्हणालो तर खोटं. मी म्हणालो, "वैनी, तशा आपल्याच. पण घाबरू नका, येतील परत."

"कोण घिऊन गेलं?"

"सांगलीवाले असतील."

"चोर हैत?"

"न्हाय न्हाय, चोर कशाला… समोर बसून, रीतसर न्हेल्या."

"रीतसर? आन ह्यो बगत बसला?"

"काय करंल तो? हुकूम त्यांच्याकडं असंल!"

"कुणाचा हुकूम? मामलेदाराचा?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "इस्पिकचा असंल…"

"ह्यो इस्पिक कोण? सायेब हाय?"

मी म्हणालो, "व्हय, काळा हाय, लई कडक." आणि कपाळाचा घाम पुसला. वाटलं, निभावलं. तर त्या हळूच म्हणाल्या… अशा हळू की मल्लप्पाचं ओरडणं परवडलं…

"आन राणी कोण?"

तुमाला सांगतो, मी बोलायला कधी अडलो न्हाय. "राणी… म्हंजे… ती आपली नेहमीचीच…"

"नेहमीची?"

"म्हंजे असतीच ओ खेळात… न्हाय, मेळात! तिचं काय मनावर घेऊ नका! आज ह्याच्याकडं, उद्या त्याच्याकडं, तिचा काय भरवसा!"

संपलं! घोंगड्यांचं गाठोडं माझ्या पायापाशी आपटलं आणि वैनी निघाल्या. "बगते कसली राणी हाय ती!" म्हणत थेट एसटी स्टँड! आमच्या काशम्मानं काय करावं? थांबवावं का न्हाय? तिनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली! म्हणाली, "अशा बायांना सोडू नगा हं वैनी!" मी ओरडतोय, "वैनी, थांबा, मी समजावून सांगतो!" आणि जेवढं समजावतोय तेवढ्या त्या भराभर चालल्यात. उठून पळावं तर पाय! ह्यात माझं काय चुकलं? मी एक शब्द तरी खोटा बोललो का?

तो दिवस कसा काढला माझं मला ठाऊक. मल्लप्पाला म्हणालो, मिरजेला फोन लाव. तो म्हणाला, कुटं लावू, मंडपाला नंबर असतो व्हय? निकाल दोन झाले आता! फायनल झाली का, हा एक. आणि धुळाप्पा जिता हाय का, हा दुसरा. आणि त्याला कळलं की वैनींना मीच धाडलं, तर भिडू म्हणून सोडा, वळखीचा म्हणून तरी राहील का? दुखत हुता तो पाय नव्हं हो. मला लई वाईट वाटत हुतं.

दुसऱ्या दिवशी गुंडा आला तो बसायच्या आधीच हसायला लागला. त्याची गाडी मिरजेत मुक्कामी हुती, सगळं डोळ्यानं बघून आला हुता. म्हणाला, "अण्णा, फायनल. सांगलीची जोडी समोर. सकाळी एक डाव गेला, दुपारी एक आला. आता शेवटचा डाव. आपल्या घरी दोन मेंढ्या, त्यांच्या घरी एक, आणि चौथी धुळाप्पाच्या हातात, हुकमाची. ती घरी गेली की ढाल आपली. पण तिच्या वरची राणी अजून बाहेर! सांगलीचा म्हातारा पान टाकून मोकळा झालेला. मागनं त्याचा भिडू टाकणार. राणी त्या भिडूकडं असली तर तो मेंढी मारणार. म्हाताऱ्याकडं असली तर मेंढी सुखरूप. धुळाप्पा मिशी पिळतोय, कल्लप्पा दगडावाणी बसलाय. आणि मंडपाच्या दारातनं आवाज आला…"

वैनींचा! पदर खोचलेला, हातात भाकरीचं फडकं! "कुटं हाय ती राणी? कुणाकडं हाय, बोला!"

आणि सांगलीचा म्हातारा दचकून म्हणाला, "माझ्याकडं!"

अहो, जीभ चावली त्यानं, पण शब्द गेला! धुळाप्पानं बायकूकडं बघितलंसुदिक न्हाय, मेंढी टाकली खाडकन! तीन मेंढ्या घरी! ढाल सोलापूरला! सांगलीवाले खवळले, "बाहेरनं खूण केली! डाव रद्द करा!" पंच बसले, खल केला, आणि निकाल दिला की बाईंनी इचारली ती जिती राणी, पत्त्यातली न्हवं, आणि उत्तर तर सांगलीच्याच तोंडनं आलंय. टाळ्या! हारतुरे! तवा वैनींना कळलं, राणी पत्त्यातली. नवऱ्याला आणेबद्दल काय ते सगळ्यांसमोर बोलून घेतलं, ढाल उचलली, फोटोत मधी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्या आले म्हणून जितला!" पेपरात फोटो आला. वैनी, ढाल, धुळाप्पा, आणि कडंला कल्लप्पाचा एक खांदा.

मी म्हणालो, झकास! सगळं गोड झालं! सोलापूर जिंकलं, आण सुटली, आता पुढच्या मंगळवारी धुळाप्पा येणार, माझ्यासमोर बसणार! आला की! दोघं आले. वैनींनी पेढे दिले, पाय लवकर जुळावा म्हणून हळद घालून दूध प्यायला सांगितलं. धुळाप्पा खाली मान घालून बसला. मी सतरंजी मागवली. तर वैनी म्हणाल्या, "आण्णा, ह्यास्नी खेळायची मोकळीक दिलीय म्या. पर एका अटीवर. भिडू कल्लप्पाच पायजे."

मी म्हणालो, "का? मी का न्हाय?"

"तुमी मानूस सोन्यावाणी. पर लई बोलता. त्या दिशी तुमी निस्तं गप बसला असता, तर म्या रस्ताभर रडत गेले नसते. कल्लप्पा बगा. बोलतोय का कधी?"

अहो, कल्लप्पा! ज्यानं दोन वाक्यं बोलून आग लावली आणि फोन ठिवला, तो गुणी! आणि मी दोस्ताचं घर झाकायला जीव तोडून बोललो, तो बडबड्या! मी धुळाप्पाकडं बघितलं. वाटलं, तो म्हणंल, न्हाय, अण्णा माझा भिडू हाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, मिशीला हात लावला… आणि म्हणाला, "बरं."

मी लई बोलतो? मी? ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा! न्हाय, जाऊ द्या. पत्ते आणलेत मी, नवे करकरीत, प्लास्टर पण निघालं. बसा की कुणीतरी समोर! कान खाजवायचं शिकवतो, सोपं हाय! अहो पाव्हणे… चष्मेवाले… कुटं निघाला? बसा तर! बरं… जाता जाता एवढं तरी सांगा, एकट्यानं लावायचा कुठला डाव असतो म्हणं पत्त्यात… कुणाला येतो का?