पाच व्होल्ट

ताई : स्क्रूला हात लावलास की नाही, एवढंच सांग.

भाऊ : ओरडू नकोस. आई वर झोपलीय.

ताई : चारला उठेल आणि बाबांच्या त्या कपाटाएवढ्या मशीनवर व्हिडिओ गेम खेळायला खाली येईल. तेवढ्यासाठीच तर जिना उतरते ती. काय दाखवू तिला, काळा पडदा?

भाऊ : लावला हात. मंगळवारी. गेम मध्येच बंद पडून पहिल्यापासून सुरू व्हायचा. गेमच्या बोर्डाला पाच व्होल्ट हवेत, मिळत होते सव्वाचार. मग पॉवर सप्लायचा स्क्रू फिरवून वाढवले.

ताई : किती?

भाऊ : सप्लायपाशी पाच पॉइंट आठ. तेव्हा कुठे बोर्डापाशी पाच आले.

ताई : आणि मधले कुठे मुरले, हे डोक्यात आलं नाही?

भाऊ : आलं ना! सप्लाय बोर्डाला जोडणारा कनेक्टर काळा पडलाय, दिसत होतं. रविवारी साफ करणार होतो.

ताई : मी केला. आज सकाळी. अर्धं खोडरबर झिजवलं त्या पिनांवर.

भाऊ : अगं, मग सगळे पाच पॉइंट आठ थेट बोर्डात घुसले!

ताई : घुसले. धूर निघाला.

भाऊ : मला न सांगता कशाला केलंस?

ताई : तुला सांगू? आठ महिने तोंडाला कुलूप लावून बसलायस तू!

भाऊ : मी? बोलणं कोणी टाकलं?

ताई : मी टाकलं, आणि बरं केलं! बाबा जाऊन महिना झाला नव्हता, त्यांचा सप्लाय उपटून हा टीचभर डबा बसवलास. वीस वर्षं दुरुस्त करून चालवला होता त्यांनी.

भाऊ : कपॅसिटर फुगले होते त्याचे! वायरी तडकलेल्या. आई हात लावते त्या मशीनला. काही झालं असतं म्हणजे?

ताई : मग विचारायचंस.

भाऊ : तू नाही म्हणाली असतीस.

ताई : म्हणालेच असते! दुरुस्त करू म्हणाले असते!

भाऊ : बघ.

ताई : बघ काय? मशीनच्या दाराच्या आत बाबांनी चिकटवलेला कागद आहे. मशीन उघडेल त्यानं काय केलं ते लिहायचं. लिहिलंस?

भाऊ : नाही. तू?

ताई : ...नाही.

भाऊ : आणि मी लिहिलं असतं तर वाचलं असतंस?

ताई : तुझं अक्षर दिसलं असतं तर दार आपटलं असतं.

भाऊ : मग बोंबलतेस कशाला? मेमरीच्या चिप जळल्या असणार. बाबांच्या खणात तशा तीन आहेत. आण. सोल्डरिंग आयर्न तापवतो.

(बोर्ड टेबलावर येतो. बराच वेळ दोघांची डोकी त्यावर वाकलेली.)

भाऊ : लाव मीटर. बोर्डापाशी, सप्लायपाशी नाही.

ताई : मला शिकवू नकोस. फिरव.

भाऊ : किती?

ताई : चार पॉइंट सात. चार पॉइंट नऊ. बस! पाच. आता हात काढ तिथून.

भाऊ : चित्र आलं.

ताई : आवाज नाही. आवाजाची चिप गेली. ती आपल्याकडे नाही, आता कोणी बनवतही नाही.

भाऊ : आई आली.

ताई : आई, आवाज जळला गं. आम्ही दोघांनी जाळला.

आई : सरका, बसू द्या. आणि भांडायचं तर असंच मोठ्यानं भांडत जा. वर कळतं तरी, घरात दोघं आहात.