न आवरलेले कपडे

नाही हो मालक, फोनला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे – त्यातला तो गट तेवढा काढून टाका. गट म्हणजे, ज्यांचं मूल पोटात नाहीतर पाळण्यात गेलं अशा आईबापांचा; एकमेकांना लिहितात, धीर देतात. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी घातलं मला त्यात. आमची मुलगी गेली, सात दिवसांची. असं काढा की मी पुन्हा कुणाला सापडायला नको. घाई नाही, तो उघडलेला फोन आधी जोडून घ्या. मी बसतो.

मला लिहिता येतं कुठे? बाइंडिंगखान्यात जन्मभर पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही – पण यात आपण बोललं की आपोआप उमटतं, आणि आलेलं फोनच वाचून दाखवतो. सोय चांगली. फक्त माणसाचा आवाज पलीकडे जात नाही ना, घोटाळा तिथेच झाला. मी बोललो – मुलगी गेली, बायको जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. कधी, ते बोललो नाही. विचारलं कुणी? मला वाटलं, कळतंच की. एकेचाळीस वर्षं होतील आता. बायकोलाही जाऊन तीन वर्षं झाली.

तर त्यात एक पोरगा – पोरगाच म्हणायचा, तिशीचा असेल – त्याचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. तो मला दादा म्हणायला लागला. दादा, तुमचं आमचं एकच. वहिनी आज उठल्या का? तेव्हाच सांगायला हवं होतं. राहून गेलं – मग रोज थोडं जास्त अवघड. त्याची बायको अजून दवाखान्यात होती. विचारतो, दादा, ती यायच्या आत सगळं आवरून टाकू का – झबली, दुपटी? मी म्हटलं, नको, हात लावू नकोस. आम्ही तसंच ठेवलं होतं, मग एक दिवस हिनंच एकेकाची घडी घातली, मी शेजारी बसून होतो.

तसं नव्हतं झालं. आता तुमच्यापाशी काय लपवायचं – मी आवरलं होतं सगळं. ती दवाखान्यात असतानाच गाठोडं बांधलं आणि देऊन आलो, तिला बघवणार नाही म्हणून. चांगल्यासाठीच हो. आणि तिसऱ्या दिवशी कामावर. ती घरी आली, कपाट उघडलं, लावलं. टोपडी तिनंच विणलेली, पिवळी. काही बोलली नाही. अडतीस वर्षांत एकदाही नाही – आणि ही बाई, मी चप्पल उलटी ठेवली तर दुपारपर्यंत बोलायची.

काल त्याचं आलं. दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, हिनं घड्या घातल्या, पोटभर रडली, आणि आठ दिवसांनी आपणहून ताटावर बसली. आता करा काय करायचं ते. आणि एवढ्यावर थांबतोय होय? म्हणतो, हिला वहिनींशी बोलायचंय, तोंड बघून. त्यांनाच कळेल म्हणते. आज पाचला व्हिडिओ कॉल लावतो म्हणाला. म्हणून तर तुमच्याकडे आलो – पण मी असा एकदम नाहीसा झालो तर त्याला काय वाटेल? वहिनींनीच जिवाचं काही करून घेतलं, असं वाटेल. बायकोलाही तेच सांगेल. तिचं ताट मग पुन्हा तसंच. म्हणजे काढलं तरी पंचाईत आणि –

वाजतोय. तोच तो. उचलू नका. कापूही नका, वाजू दे.

थांबला.

द्या जरा इकडे. हे दाबून बोलायचं ना? – ती आत्ताच झोपली आहे. उठली की सांगतो. – गेलं? वाचा बरं, काय उमटलं. हं. बरोबर आहे.

असं बघू नका माझ्याकडे. गट राहू द्या. त्या बाई कधीच्या उभ्या आहेत, त्यांचं बघा आधी.