चकतीची चौघडी

गल्लीत मला लगदावहिनी म्हणतात, जबाबातही तेच चालेल. वय ४३ वर्षे, धंदा माशाचे उकडलेले रोल बनवणे, राहणार मासळीबाजाराची मागची गल्ली, बर्फाच्या कारखान्यालगत.

समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या थोरल्या दिरांचाही रोलचाच कारखाना आहे. नवरा गेल्यावर मी तिथेच राबत होते. त्यांचा रोल निम्मा पिठावर उभा, कापला की भुगा. मी सुधारणा सुचवली तर म्हणाले, "तू लगदा मळ, अक्कल पाजळू नकोस." म्हणून मी वेगळी झाले.

माझ्या कृतीत लपवण्यासारखे काही नाही. गार मासा मीठ घालून वाटते. त्यात अंड्याच्या पांढऱ्याची पावडर आणि चिमूटभर एन्झाइम. ते माशातली प्रथिने एकमेकांना सांधते. मात्र त्याला घाई खपत नाही. लगदा कोमट जागी मुरू द्यायचा, मगच उकडायचा. सुरुवातीला मी लगेच उकडायचे, रोल मोडायचा आणि मी डोक्याला हात लावून बसायचे. दोन्ही पावडरींची पाकिटे हजर केली आहेत.

आज दिरांनी तक्रार दिली की मी मालात रबर घालते. कारखान्याला सील लागेल याची भीती वाटली. माझ्या हाताखाली चार बायका आहेत. पण ठाण्यात दिरांच्या तोंडून "रबर" ऐकले आणि, खरे सांगते, मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझा रोल न मोडता लवतो, याची ती पावतीच होती.

साहेबांनी विचारले, "रबर नाही कशावरून?"

मी म्हटले, "हा माझा रोल, याची पातळ चकती कापा. दुमडा, परत दुमडा. चौघडी करूनही चीर गेली नाही, तर माल जमला. मग खाऊन बघा. रबर काय दाताने तुटतंय?"

साहेबांनी स्वतः दुमडली. चीर नाही. मग खाल्ली. हवालदारांनीही हात पुढे केला.

अस्सल माल कसा असतो ते दाखवायला दिरांनी आपला रोल सोबत आणला होता. त्याची चकती पहिल्याच घडीला मोडून टेबलावर पडली. दीर म्हणाले, "आज हवा दमट आहे."

नमुना तपासणीला पाठवण्यास माझी हरकत नाही. तूर्त सील लागणार नाही, असे साहेबांनी दिरांसमोरच सांगितले. निघताना दिरांनी हळूच विचारले, "किती वेळ मुरवतेस?" मी म्हटले, "भाऊजी, उद्यापासून कामाला या, दाखवते."

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. नमुन्याखेरीज आणलेला माझा बाकी माल ठाण्यातच संपला, त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.