आंधळेपणाची तारीख

— न्हाय न्हाय, आत नको, आत लाईट न्हाय, इथंच कट्ट्यावर बस, लिंबाची सावली हाय. काय आणलंस? पिशवी वाजली — सफरचंद व्हय? वासच आला. अरे यप्पा, सफरचंद! माझ्या तोंडात दात किती उरलेत ते तुला ठाऊक न्हाय, श्रीशैल, आन् त्यात तुझा काय दोष, तू शेवटचा आलतास तवा दात होते. ठिव, ठिव इथं, माझ्या उजव्या हाताशी ठिव, म्हंजे गावंल मला. बायको बरी? लेकरं बरी? मोबाईलचं दुकान चालतंय? बरं हाय. मग आज भर बाजाराच्या दिवशी शटर खाली ओढून उमरग्यावरनं चुलत्याची आठवण काढत आलास — परवा मला उचकी लागलती, म्या म्हणलं कोण बरं आठवण काढतंय. उचकी न्हाय, मेसेज होता तो. पैसे पडले माझ्या खात्यात आन् टुणकन वाजला तुझा मोबाईल. बँकेत नंबर तुझाच दिलाय की आपण. माझ्याकडं कुठला मोबाईल! मला तर काल कळलं, शेजारची इरम्मा बँकेत जाऊन इचारून आली तवा. खातं माझं, पैसे माझे, आन् खबर आधी तुला. चांगली सोय हाय. आंधळ्याचे पैसे डोळसाला आधी दिसतेत.

पगार म्हणतेत त्याला गावात, हसतोस काय, निराधारचा पगार. नोकरी काय? तर आंधळं असायची. सुट्टी न्हाय, रजा न्हाय, रिटायर न्हाय. पण ह्या नोकरीला बी लागायची तारीख असती बरं का. तेच तर लोकांना उमगत न्हाय. लोक म्हणतेत, म्हाताऱ्याला मागचं सगळं मिळालं. मागचं म्हंजे कुठनं? मंजुरी झाली, पण खात्याला आधार जोडलं नव्हतं म्हून हप्ते तटून बसले. आता जोडलं, तर तटलेलं एकदम सुटलं — पाटाचं दार उघडल्यावाणी. म्या तहसीलातल्या बाईला इचारलं, बाई, डोळे तर त्याच्या लई आधी गेलते, त्याचं काय? ती म्हणली, आजोबा, मंजुरीच्या महिन्यापासनं मिळतंय, त्याच्या आधीचं न्हाय. म्या म्हणलं, त्याच्या आधी काय म्या बघत होतो व्हय? तर म्हणली, कागदावर व्हय. — आता बोल! म्या कागदावर बघत होतो आन् मला पत्ता न्हाय. ठाऊक असतं तर बघून घेतलं असतं की काय काय. तुझ्या धाकट्याचं तोंड बघितलं असतं.

पण बाई खोटं बोलत नव्हती. खोटं म्याच करून ठिवलतं. ते धाराशिवचं दाखल्याचं शिबिर आठवतंय? कसं आठवंल, तू आला नव्हतास, तुझी गाडी पंक्चर होती. म्या एष्टीनं गेलतो, चाचपत. रांग ही मोठी. पुढं भिंतीवर तक्ता, शिकल्याल्यांना अक्षरं आन् आमच्यासारख्यांना ती खूण — तीन बोटाचा पंजा असतो बघ, त्याचं तोंड कुणीकडं हाय ते हातानं दाखवायचं. मला तक्ता सोड, भिंत दिसंना. पण कान हायत की! माझ्या पुढचा म्हणला, वर, खाली, उजवीकडं, उजवीकडं, डावीकडं. त्याच्या पुढचा बी तेच म्हणलता. म्या जलमात शाळंत गेलो न्हाय, श्रीशैल, कुणी माझी परीक्षा घेतली न्हाय. आन् मठात भजनाला बसून बसून माझं पाठांतर कसं हाय ते तुला ठाऊक हाय. माझी पाळी आली तसं धडाधड म्हणून टाकलं — वर, खाली, उजवीकडं, उजवीकडं, डावीकडं! डॉक्टर खूश. आजोबा, ह्या वयात लई भारी नजर हाय तुमची. म्या बी खूश. पास! येताना स्टँडवर पेढे घेतले, सगळ्या गल्लीला वाटले. इरम्मानं पेढा खाल्ला आन् मग इचारलं, आप्पा, पास होऊन काय मिळणार? म्या म्हणलं, काय मिळणार म्हंजे? पास झालो की! तिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला आजून ऐकू येतोय. नापास व्हायला पाठवलं होतं मला, आन् म्या पहिला नंबर काढून आलो.

हस हस. गाव आजून हसतंय. — न्हाय, तसं मला अगदीच कळत नव्हतं असं न्हाय. लोकं आंधळ्याला येडं बी समजतेत. त्याच महिन्यात बसवकल्याणची मंडळी तुझ्यासाठी पोरगी घेऊन येणार होती ना. आंधळेपणाचा दाखला भिंतीवर लावून बसलो असतो, तर इचारलं असतं त्यांनी, घराण्यात हाय का हे? उद्या नवऱ्या मुलाचं काय? तू माझ्या भावाचा, रगत एकच. म्या म्हणलं, एवढं लगीन पार पडू दे, मग हाय की आंधळं व्हायला जलम पडलाय. — जाऊ दे ते. कशाला निघालं तोंडातनं. म्या काय ते सांगायला बसवलं न्हाय तुला.

मग पुढं दुसऱ्या शिबिराला इरम्मा घेऊन गेली, माझ्या कानात कापूस घालून. व्हय, खरंच कापूस! म्हणली, आप्पा, ह्या डावाला पाठ करायचं न्हाय. मस्तपैकी नापास झालो. तवापासनं सरकारी आंधळा.

काय म्हणलास? बँकेत जाऊन येऊ? आत्ताच? गाडीवर बसवून नेतो म्हणतोस. पंक्चर निघालं म्हणायचं मग. लई दिवस लागले रे एका पंक्चरला. न्हाय, तसं म्या काय वाट बघत नव्हतो. वाट बघायला डोळे लागतेत. ते आपलं — रस्त्यानं गाडी गेली की कान जातो, एवढंच. तुझ्या गाडीची साखळी ढिली हाय, वळणावर खडखडती, तिठ्ठ्यापासनं वळखू येती. दर ऐतवारी एक गाडी अशीच खडखडत येती. दूधवाल्याची असती.

दुकानाला काचेचं कपाट करायचं म्हणतोस. उसने. उसनेच म्हणलास, ऐकलं म्या. बरं. पण ऐक, सरकारनं मागचं दिलं, तर तुझ्याकडं बी माझं मागचं निघतंय. दिवाळ्या निघतेत. श्रावणातले सोमवार निघतेत. मागल्या थंडीत ताप डोक्यात गेलता, तवा दोन्ही येळंला इरम्मा भाकरी कुस्करून घालत होती, ती तिची निघती. तिला म्हणलं, पैसे घे. म्हणली, भाकरीचे पैसे घेऊन मला नरकात जायचं न्हाय. मग म्या धनगराला गाठलं, एक गाभण शेळी बोलून टाकली, कालच्याला आणून तिच्या दारात बांधली बी. ती बघ, वरडतीय ती. पैसे खात्यात हायत, व्हय, तू मोबाईलवर बघितलंस ते बरोबर हाय, पण ते आता धनगराचे हायत. उद्या इरम्मासंगं जाऊन अंगठा लावायचा आन् त्याला द्यायचे. उरंल त्यात कपाट बसत न्हाय, माझ्या चहा-साखरंचा हिशोब भागंल.

आता तोंड कसं केलंस ते मला दिसत न्हाय, बरं हाय. रागावू नको. तू माझ्या खांद्यावर बसून नळदुर्गचा किल्ला बघितलायस, म्या काय तुला उपाशी धाडणार हाय? सकाळीच इरम्माला सांगितलं, दोघांचं कर, गव्हाची गोड हुग्गी कर, त्याला आवडती. आन् मागचं बिगचं काय मागत न्हाय म्या तुला, थट्टा केली. तहसीलातली बाई शहाणी हाय, तिचाच कायदा लावू. मागचं बुडालं. तू आज आलास, आजची तारीख धरू. आजपासनं महिन्यातनं एक डाव ये, रिकाम्या हातानं ये, कट्ट्यावर बस, जा. एवढंच. एवढं जमंल का न्हाय? — सांग की.

श्रीशैल?

हैस न्हवं?

गाडीचा तर आवाज आला न्हाय. — ढकलत नेली वाटतं तिठ्ठ्यापर्यंत. चुलत्याचा कान त्याला ठाऊक हाय, एवढी तरी वळख ठिवली म्हणायची. बघू, इथंच ठिवली होती ना, उजव्या हाताला… न्हाय. इकडं? इकडं बी न्हाय.

सफरचंदं बी नेली.

इरम्मा! अगं ए इरम्मा! एकच ताट वाढ.