चालू मशीन पाहाची हाये

नाई, पन मले सांगा, ज्या मानसाचं कामच चालू मशीन तपासाचं, त्यानं सहा वर्षांत एकबी चालू मशीन पाह्यली नसन, तर त्यानं तोंड कुठं लपवाव? कारखाना निरीक्षक हावो मी, साधासुधा नाई! राळेगावपासून उमरखेडपर्यंत जेवढ्या जिनिंग हायेत, कापसातली सरकी अन् रुई येगळी करनाऱ्या, त्या साऱ्या माह्या अंगावर. अन् मी गेलो का... मशीन बंद!

तुमाले सांगतो, कायद्यात कमी नाई बरं. तिकडं जिनेव्हाले जगभरचे लोकं बसले, त्याईनं ठराव केला, आपल्या सरकारनंबी त्याच्यावर सही ठोकली, का निरीक्षकानं न सांगता, कोन्याबी वेळी, बिनधास्त आत घुसाव! वाचून छाती फुगली माही. साहेबाले म्हटलं, मंग जीप द्या. साहेब चष्मा वर करून म्हनते, "अनंतराव, त्याच ठरावात लिवलं हाये, जिथं सार्वजनिक वाहन नाई तिथंच गाडी द्यावी. आपल्याकडं यष्टी हाये ना!" आता जिनेव्हावाल्याईले कोन सांगन, का आमची यष्टी त्या राळेगावकडच्या जिनिंगसमोर दिवसातून एकदाच थांबते, सव्वाअकराले? अन् कंडक्टर दारातून बोंबलते, "चला, इन्स्पेक्टर साहेब, उतरा!" न सांगता कायचं, साऱ्या शिवाराले समजते! मी फाटकात पाय ठेवेपर्यंत... मशीन बंद!

मॅनेजर रामराव हात जोडून हजर. "या या साहेब! काय योग पाहा, आत्ताच लाईन गेली." अन् त्याच्या डोक्यावर पंखा गरगर फिरून राह्यला! मशीनच्या पट्ट्यावर, कोनाचा हात-पदर जाऊ नये म्हनून असते थे जाळी टकाटक बसवलेली. मी लिवतो, जाळी आढळली. मी फाटकाबाह्यर पडलो का जाळी काढून कोपऱ्यात, काहून का तिच्यात रुई अडकते, अन् साफ कराले मशीन थांबवा लागते.

हंसाबाई म्हनून एक बाई तिथं मशीनीत कापूस लोटते. गेल्या महिन्यात तिचा पदर गेला पट्ट्यात. लुगडं जुनं होतं, टरकन फाटलं, म्हनून बाई वाचली. नवं असतं तर? हे मले सांगितलं नौशादनं, फाट्यावर सायकलीचं दुकान हाये त्याचं. आयकून जेवनच नाई गेलं हो मले.

मंग ठरवलं. फाट्यावरच उतरलो, नौशादची सायकल घेतली, तोंडाले दुपट्टा गुंडाळला अन् कापसाच्या बैलबंड्यायच्या मागून घुसलो आत. अन् काय सांगू तुमाले... धडधड, धडधड! चालू मशीन! सहा वर्षांत पह्यल्यांदा! डोळ्यात पानीच आलं. उघडा पट्टा सन्नाट फिरून राह्यला अन् त्याच्यापासून हातभरावर हंसाबाई. मी खिशातून पेन काढला, तिनं मले पाह्यलं, धावत गेली अन् खटका पाडला. मशीन बंद! तिनं! जिच्यासाठी आलतो, तिनंच!

म्हटलं, "काहून वो बाई?"

तर म्हनते, "साहेब, तुमी लिवान अन् मंग हे कुलूप लावतीन. यंदा कापूसच नाई आला, आजूबाजूच्या तीन जिनिंग बसल्या. आमी चाळीस बाया जाव कुठं? तुमचा कायदा लई चांगला हाये, पन तो पोस्टानं पाठवा. तुमी नका येऊ!"

हासाव का रडाव? बाई खोटं बोलून राह्यली असती तर रागावलो असतो, पन खरं बोलनाऱ्याले काय म्हना? पेन ठेवला खिशात. सायकलच्या पिशवीतला पाना काढला, जाळी उचलली, हंसाबाईनं एका अंगानं धरली, मी बोल्ट आवळले. रामराव म्हनते, "साहेब, हे तुमचं काम नाई." म्हटलं, "तुमचं होतं ना, मंग केलं काहून नाई?" अन् रुई अडकते तिचं काय? बाया म्हनाल्या, घंट्यातून एकडाव मशीन थांबवून आमीच झाडतो, दोन मिनिटं तं लागते! सहा वर्षांत हे त्याईले कोनं इचारलंच नोतं. मीबी नाई.

जाळी आजबी हाये बरं, हंसाबाई कोनाले हात लावू देत नाई. अन् मी? इमानदारीनं रिपोर्ट लिवला, जाळी बसवलेली आहे, बसवनारा मी स्वतः. परवा आमच्याच साहेबाचा कागद आला. निरीक्षकानं कारखान्यातल्या यंत्राले कोन्या नियमाखाली हात लावला, सात दिवसांत खुलासा करावा! सहा वर्षांत आमच्या हापिसातून कायद्याखाली पह्यली नोटीस निंगाली बाप्पा... अन् थे बी माह्याच नावानं!