लाकडी बैलाचा डावा डोळा

हॅलो?

हाव, नेरहूनच. नलू सिस्टरच बोलून राह्यली… कोण? जराशी जोरात बोल, मांगं ट्रकचा आवाज येते…

संगीता? कोणती संगीता?… अवं माय. हिरासिंगभाऊची? सुई पाह्यली का कणगीमांगं लपे, ती संगीता?… हाव, आता रिटायर झाली मी. दोन साल झाले… तू कुठून बोलून राह्यली? राजूरहून? अजून तिथंच आहा तुमी, चुन्याच्या भट्टीवर?

उद्या?… सारं सामान घेऊन? कायमचे?… लय चांगलं केलं, पोरी. लय चांगलं केलं. त्या सालात तुमचा अर्धा तांडा निघून गेल्ता. कापसाले भाव नव्हता, घरात ठेवून ठेवून पिवळा पडला लोकाईचा… मंग, वावरात काय टाकता आता?… चना. हाव, चना बरा.

काय?… कंचा? बैलाच्या डोळ्याची काचेची गोटी?

आहे ना. कसा नसन? तुमी निघाले तवा टेम्पोत सामान चढवता चढवता लाकडी बैल पडला अन् त्याचा डावा डोळा निघाला. तुह्या बापानं माह्या हातात ठेवला. म्हणे, सिस्टर, वापस येईन तवा बसवीन, तवरिक जपा. मी जपते म्हटलं… सात साल झाले, हाव…

अं?… नाही, काही नाही झालं… अवं, आहे म्हटलं ना घरातच. खोटं कायले बोलू तुह्याशी?… बरं, ऐक. खरं सांगते. कंचा घरात आहे, पण त्यातला तुमचा कोणता, हे… ऐक ना आधी पूर्ण.

माह्याजवळ चारशे बारा कंचे आहेत… हास, हास. सारं नेर हासते. गावोगावी सुया द्यायले जावो, तवापासून जमवून राह्यली. जुने, मशीनचे. कोणता कोणत्या मशीनमधून निघाला, ते ओळखाचा नादच लागला मले. अंड्याच्या ट्रेत ठेवते, एका खड्ड्यात एक, अन् खाली चिठ्ठी. कोणाचा, कोणत्या गावचा, कधी भेटला… हाव, तुमच्याखाली बी होती चिठ्ठी.

होती म्हणजे होती. आमच्या साहेबाईनं मंगळवारी माह्या वाढदिवसाची भेट म्हणून काय करावं? मी यवतमाळले गेलती. त्याईनं सारेच्या सारे कंचे रिठ्याच्या पाण्यात घासले, ब्रशानं. अन् रंगावारी लावले. हिरवे हिरव्यात, निळे निळ्यात. चिठ्ठ्या बंबात घातल्या… हाव, तुमच्या कंच्यावर डोळा बसवाची लाख चिकटून होती, तीबी काढली खरडून. बत्तीस साल तहसीलीत रेकॉर्ड सांभाळलं या माणसानं… हाव हो, तुमचंच सांगून राह्यली. ऐका तिकडून.

काय म्हणते?… नाही. कोणताही हिरवा देणार नाही मी… अवं, तुह्या बापाले समजत नसन, पण मले समजते ना.

काय?… पुन्हा सांग. बाबा येत नाही म्हणते?

गाडी ठरली, भांडे बांधले, अन् तो बाजीवर बसून आहे?… 'दोन डोळ्याचा बैल घेऊन निघालो होतो, काना घेऊन तांड्यात पाय ठेवत नाही'… असं म्हणते?… अन् जेवत बी नाही कालपासून?… तूच पळून आली बैल घेऊन फोनच्या बूथवर… हं… हाव, परवा पोळा, तेरवा तान्हा पोळा. तुह्या लेकराले ओढाचा असन… रडू नको. रडून डोळा सापडत नाही. बैल आहे ना हातात? मांडीवर घे त्याले.

अहो, हिरव्याचे ट्रे आणा इकडं. दोन्ही. अन् तो नोटा तपासाचा जांभळा दिवा.

हं, संगीता. उजवा डोळा शाबूत आहे ना? जोडीचाच असन तो, एकाच मशीनचा. उजेडाकडं कर… हिरवा म्हणजे कसा? पोपटी का सोड्याच्या बाटलीसारखा?… बाटलीचा. बरं. आत पात्या दिसते का?… पात्या, फुलाच्या पाकळीसारख्या… मोज. नाही, घाई नको करू… चार. रंग सांग… पिवळी… पिवळी… लाल… अन् चौथी? पांढरी का दुधी?… थुंका लावून पूस अन् मंग पाहा… पांढरी. बरं झालं.

सात उरले माह्याजवळ… हाव, सातच. दम धर.

आता कडेनं नख फिरव. रेघ लागते?… मशीन काचेचा गोळा कातरते ना, त्याची खूण राह्यते. हातानं केलेल्या कंच्याले एकाच जागी खरबरीत डाग असते, याले दोन टोकाले दोन रेघा. तुले एकच टोक दिसन, दुसरं आत गेलं… लागली? सरळ आहे का वाकडी?… विळ्यावानी. पक्कं? बूथवाल्याले पाहाले लाव… तो बी म्हणते विळ्यावानी? मंग त्याले सांग मी धन्यवाद म्हटलं.

अहो, हे तीन वेगळे काढा. नाही, हे नाही, ते सरळ रेघेचे आहेत. तुमी फक्त धरा हो, निवडू नका.

संगीता, बूथवाल्याजवळ नोटा पाहाचा जांभळा दिवा आहे का?… आहे? त्याच्याखाली धर बैलाचं तोंड. अंधार कर हातानं… चमकते? कसा?… काजव्यावानी हिरवा. थांब, मी बी पाहते… हा चमकला… हा बी चमकला… हा नाही. गेला हा.

दोन उरले.

अवं, दोन म्हणजे एक नाही ना… हाव, दोन्ही घेऊन येता येईन स्टँडवर. पण तुहा बाप आधी गाडीत तर बसला पाह्यजे. त्याले कोणत्या तोंडानं सांगू, दोघातला एक तुमचा असन म्हणून?

त्याले बोलाव… बोलत नाही म्हणजे?… महिनाभरापासून? ते एक वाक्य सोडून घरात बी नाही?… खोली किती लांब आहे तिथून?… रस्त्यापलीकडंच ना? जाय, आण. सांग सिस्टर लाइनवर आहे, अन् ती फोन ठेवत नाही म्हणते… धरते मी. जाय.

…नाही हो, गेली बापाले आणाले… चहा नको मले. तुमी उभे राहा इथंच.

हॅलो?… राम राम, हिरासिंगभाऊ. नलू बोलते… ऐकता ना?… नका बोलू, ऐका फक्त. माह्याकडून चूक झाली, भाऊ. डोळा जपला, पण चिठ्ठी गेली. लय लाज वाटून राह्यली मले. दोन कंचे उरले, एकसारखे. तुमीच बसवला होता, तुमाले काही खूण आठवत असन तर…

हॅलो?… आहे, आहे मी.

काय?… श्वास? कायचा श्वास, भाऊ?

बुडबुडा… काचेत… हं… हं… दुकानातल्या बरणीतले सारे पाहून तोच निवडला… बैलाचा श्वास म्हणून… अन् तो भाग आतल्या अंगाले घातला, लाखेत दाबून. म्हणजे कोणालेच माहीत नाही? तुमच्या घरवालीले, धनीबाईले बी नाही?… कोणालेच नाही.

धरा फोन. खिडकीजवळ जाते. वायर पुरते का पाहते… अहो, सरका ना उजेडातून.

हा पहिला… नाही. साफ आहे, काही नाही यात.

हा दुसरा… फिरवून राह्यली… फिरवून राह्यली… थांबा.

आहे, भाऊ. मोहरीएवढा. अगदी काठाशी… आहे म्हणते ना मी. डोळ्याले लावून पाहून राह्यली.

भाऊ?… रडा. रडा, काही होत नाही… नाही, पोरीले नाही सांगत.

आता उद्या गाडीत बसता ना?… हं नाही. हं म्हणजे काय? नीट सांगा मले… झालं. आधी जेवा. उद्या मी स्टँडवर लाख गरम करून ठेवते, शेगडी घेऊनच येते. बसवाचा तुमीच, जसा होता तसाच, श्वास आतल्या अंगाले. अन् संगीताले सांगा, बैलाले कपड्यात गुंडाळून… हॅलो?… हॅलो?

कटला.

…हाव, ऐकलं मी. लाख खरडली म्हणून बुडबुडा दिसला, हे खरं आहे तुमचं. नाहीतर मले जन्मात दिसला नसता… नाही, राग नाही गेला. चारशे अकरा चिठ्ठ्या राह्यल्या. वही आणा, कोरे कागद कापा, मी आठवून सांगते, तुमी लिहा. लोकं वापस येऊन राह्यले. अजून कोणाचा फोन येईन, सांगता येत नाही… हिरव्यापासूनच सुरू करा.